‘सगळं नर’ म्हणून विकलेलं बीज तपासणार कोण? मत्स्यबीजाचं धोरण ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातील मत्स्यबीज उत्पादन, प्रमाणीकरण आणि पुरवठा यांचं धोरण ठरवणारे सर्व अधिकारी
आणि मत्स्य संशोधन संस्थांमधले शास्त्रज्ञ

सविनय नमस्कार.

मी पारोळा तालुक्यातली शेतकरी आहे. कपाशीला जोड म्हणून आम्ही घरच्या शेततळ्यात मासे पाळतो. गावातल्या महिला गटाचंही एक तळं आहे, त्याचा हिशेब मी ठेवते. गेल्या हंगामात दोन्ही तळ्यांत आम्ही गिफ्ट तिलापिया (नाईल तिलापिया या माशाचा निवड पद्धतीने सुधारलेला वाण) सोडला. बीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, मोनोसेक्स, म्हणजे सगळं नर आहे, असं पावतीवर छापलेलं होतं आणि त्यासाठी जादा दर मोजला होता. दिवाळीनंतर जाळं टाकलं, तर बोटभर पिल्लांचा खच वर आला. याबद्दल मी संबंधित कार्यालयाकडे लेखी विचारणा केली. उत्तराचा आशय असा होता की बीजखरेदी हा विक्रेता आणि शेतकरी यांच्यातला खासगी व्यवहार आहे आणि बीजातलं नर-मादीचं प्रमाण तपासून देण्याची सोय नाही.

हे उत्तर मला मान्य नाही. ते मुकाट्याने फाईलला लावून ठेवणंही मला जमणार नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

बीज देणाऱ्या त्या हॅचरीचं (मत्स्यबीज तयार करणाऱ्या केंद्राचं) किंवा कार्यालयाचं नाव इथे लिहीत नाही. एका विक्रेत्यावर कारवाई झाली म्हणून पुढच्या हंगामात दुसऱ्याकडून घेतलेलं बीज नर निघेल याची खात्री कोण देणार? माझा प्रश्न त्या खात्रीबद्दलचा आहे. ती देण्याचं शास्त्र आज जगात आहे, आपल्या देशातही आहे, आणि तरीही ते आमच्या तळ्याच्या बांधापर्यंत पोहोचलेलं नाही.

आधी हे सांगायला हवं की एवढा गहजब कशासाठी. तळ्यात पिल्लं झाली तर फुकटचं बीज मिळालं, वाईट काय झालं, असं मला चांगल्या शिकलेल्या माणसांनी विचारलं आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यामुळे त्यांच्या तळ्यात हा प्रश्नच येत नाही. तिलापियाचं तसं नाही. त्याची मादी तीन-चार महिन्यांत वयात येते. अंडी तोंडात धरून उबवते, त्या दिवसांत जवळजवळ काहीच खात नाही, आणि पिल्लं सुटी झाली की काही आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येते. तिची स्वतःची वाढ तिथेच खुंटते. नर मात्र खाल्लेलं अंगी लावतो. म्हणून तर सगळ्या जगात तिलापियाचं नर बीज पाळतात.

हिशेब करून बघा. तळ्यात दहा हजार मासे सोडले आणि त्यात फक्त पाच टक्के माद्या निघाल्या, तर पाचशे माद्या झाल्या. एका मादीची एका वेळची दोनशे पिल्लं धरली, आणि हा कमीच अंदाज आहे, तरी एका फेरीत एक लाख पिल्लं तळ्यात येतात. ती आमचंच खाद्य खातात, आमच्याच पाण्यातला प्राणवायू ओढतात. पाच टक्के हा आकडा कागदावर किरकोळ दिसतो. आमच्या गटातली एक बाई जाळं ओढताना म्हणाली, “ताई, हाई काय व्हयनं? मासा वाढत नही, पिल्लाच वाढतस!” बाजारात अर्ध्या किलोच्या माशाला गिऱ्हाईक आहे. बोटभर माशाकडे कोणी वळून बघत नाही.

त्यात आमचा खान्देश. आमची तळी पावसाच्या आणि विहिरीच्या पाण्यावर भरतात आणि उन्हाळ्यात आटतात. जुलै-ऑगस्टमध्ये बीज सोडायचं आणि मार्च-एप्रिलपर्यंत मासा काढून मोकळं व्हायचं, एवढाच काळ हातात असतो. डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याकडे रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली जातो. पाणी वीस अंशांखाली उतरलं की तिलापिया खाणं कमी करतो, वाढ मंदावते. म्हणजे खऱ्या वाढीचे महिने आणखी कमी झाले. बारमाही पाण्याच्या भागातला शेतकरी तळं रिकामं करून पुन्हा भरू शकतो. आम्ही ते करू शकत नाही, कारण तेच पाणी रब्बीला आणि लिंबाच्या झाडांना द्यायचं असतं. बीज फसलं की आमचं वर्ष जातं.

आता बीज नर कसं करतात ते. पत्र वाचणाऱ्या सगळ्यांना ते माहीत असेलच असं नाही, आणि माझी तक्रार त्याशिवाय कळणार नाही.

बहुतेक हॅचऱ्यांत हे काम हॉर्मोनने होतं. नुकत्याच पोहायला लागलेल्या पिल्लांना, त्यांची लिंगग्रंथी घडण्याआधी, १७ अल्फा मिथाइल टेस्टोस्टेरॉन मिसळलेलं खाद्य देतात. किलोभर खाद्यात ६० मिलिग्रॅम, २१ ते २८ दिवस. नीट केलं तर ही पद्धत चालते, याबद्दल माझं दुमत नाही. अशा पिल्लाचा मासा होऊन ताटात यायला महिने लागतात, तोवर औषध शरीरातून निघून गेलेलं असतं. त्यामुळे खाणाऱ्याला भीती घालण्याचा माझा हेतू नाही. पण ‘नीट केलं तर’ यात बरंच काही येतं. सगळी पिल्लं एकाच वयाची हवीत, कारण थोडी मोठी झालेली पिल्लं हॉर्मोनला दाद देत नाहीत. खाद्य उन्हात किंवा उष्ण खोलीत पडून राहिलं तर हॉर्मोनचा जोर जातो. हिरव्या पाण्याच्या टाकीत पिल्लं शेवाळ-प्लवंगावरच पोट भरतात आणि औषधी खाद्य पुरेसं खात नाहीत. मागणी वाढली की २१ दिवसांचे १५ कधी होतात हे बाहेरच्याला कळत नाही. हॅचरीत रोज हे खाद्य हाताने कालवणाऱ्या मजुरांच्या आरोग्याचा आणि तिथल्या सांडपाण्याचा प्रश्न आहेच, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हॉर्मोनमुळे माशाचं गुणसूत्र बदलत नाही. नाईल तिलापियात मादी एक्स-एक्स आणि नर एक्स-वाय असतो. एक्स-एक्स पिल्लाला हॉर्मोन दिलं तर त्याच्या अंगात अंडाशयाऐवजी वृषण तयार होतं, पण त्याच्या प्रत्येक पेशीत एक्स-एक्सच राहतं.

माझी पहिली तक्रार इथून सुरू होते. बीज विकताना ‘नर’ हा शब्द पावतीवर येतो, दर त्यावर ठरतो, अनुदानाच्या प्रकरणाला तीच पावती जोडली जाते, आणि तो शब्द खरा आहे का हे कोणीही बघत नाही. रासायनिक खताच्या पोत्यावर नत्र किती लिहिलंय आणि आत किती आहे हे तपासायला निरीक्षक नमुना घेतो. कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावर उगवणीची टक्केवारी असते आणि ती खोटी ठरली तर पंचनामा होतो. एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, त्याचं आम्ही मनापासून स्वागत केलं. मग बियाण्याच्या बाबतीत शेतीला जे संरक्षण आहे ते मासे पाळणाऱ्याला का नको?

दुसरी तक्रार अशी की तपासणीच्या बाबतीत आम्हाला कोणी नीट समजावून सांगत नाही. आमच्या भागातले काही तरुण शेतकरी मागणी करतात की बीजाची डीएनए तपासणी करून द्या. मी अमळनेरला प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी केलं, म्हणून मला यातली मेख कळते. हॉर्मोन दिलेल्या बीजाची डीएनए तपासणी केली तर जवळपास निम्मी पिल्लं एक्स-एक्स दिसतील, मग ती नर झालेली असोत वा नसोत. या तपासणीतून हॉर्मोन लागू पडलं का ते कळणारच नाही. त्यासाठी वेगळी, साधी पद्धत आहे. थोड्या वाढलेल्या पिल्लांचा नमुना घेऊन त्यांची लिंगग्रंथी काढायची, काचेच्या पट्टीवर असेटोकार्माइनचा थेंब टाकून दाबायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. अंडाशय असेल तर गोल गोल अंडपेशी दिसतात, वृषण असेल तर बारीक दाणेदार पोत दिसतो. ही पद्धत १९७४ साली प्रसिद्ध झाली. कोणत्याही कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात त्यासाठी लागणारं सगळं साहित्य आहे. पन्नास वर्षं झाली तरी हे आमच्या जिल्ह्यात एका खिडकीवर होत नाही.

नमुना किती घ्यायचा हेही कुठेतरी लिहून द्या. विक्रेता तीस पिल्लं फाडून दाखवतो आणि म्हणतो, बघा, एकही मादी नाही. तिसात एकही सापडली नाही, तरी संपूर्ण लॉटमध्ये, म्हणजे एका वेळी तयार झालेल्या सगळ्या बीजात, दहा टक्क्यांपर्यंत माद्या असू शकतात, हे साधं संख्याशास्त्र आहे. शंभरात एकही नसेल तर ती शक्यता तीन टक्क्यांपर्यंत खाली येते, तीनशेत नसेल तर एक टक्क्यापर्यंत. वर मांडलेला पाच टक्क्यांचा हिशेब लक्षात घेतला तर तीस पिल्लांच्या तपासणीवर शेतकऱ्याने का विसंबू नये हे स्पष्ट होईल.

तिसरी तक्रार हे या पत्राचं खरं कारण आहे. हॉर्मोनशिवाय, जन्मतःच नर असलेलं बीज तयार करता येतं. त्याचा मार्ग माहीत आहे आणि जनुकीय मार्करमुळे, म्हणजे डीएनएमधल्या ओळखखुणेमुळे, तो पूर्वीपेक्षा खूप सोपा झाला आहे. तरीही आमच्यासारख्यांसाठी तो खुला करण्याची कोणाला घाई दिसत नाही.

तो मार्ग असा. एक्स-वाय पिल्लांना लहानपणी मादीचं हॉर्मोन देऊन त्यांच्यात अंडाशय घडवायचा. अशी एक्स-वाय मादी आणि साधा एक्स-वाय नर यांची वीण केली तर पिल्लांत एक चतुर्थांश वाय-वाय निघतात. या वाय-वाय नराकडे देण्यासारखं दुसरं गुणसूत्रच नसतं. साध्या मादीशी त्याची वीण लावली की पिल्लं सगळी एक्स-वाय, म्हणजे नर. शेतकऱ्याच्या तळ्यात जाणाऱ्या पिल्लाला हॉर्मोनचा स्पर्शही झालेला नसतो, हॉर्मोन दिलं गेलं ते दोन पिढ्या आधी, हॅचरीच्या आत, मोजक्या माशांना. हे काम ब्रिटनमधल्या स्वान्सी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी फिलिपिन्समध्ये करून दाखवलं आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं. तिथे अशा बीजात नरांचं प्रमाण सरासरी ९५ टक्क्यांच्या आसपास होतं.

अडचण होती ती ओळखण्याची. एक्स-वाय मादी आणि साधी मादी बाहेरून सारख्याच. वाय-वाय नर आणि साधा नरही सारखेच. प्रत्येक माशाची वीण लावायची, त्याची पिल्लं महिनोन्‌महिने वाढवायची, ती नर-मादी किती निघतात ते मोजायचं आणि मग मागे जाऊन ठरवायचं की आई किंवा बाप कोणत्या गुणसूत्रांचा होता. यातच वर्षं जात होती आणि म्हणून हे तंत्र मोठ्या, पैसेवाल्या केंद्रांच्या बाहेर पडलं नाही.

ही अडचण मार्करने सोडवली. २००२ साली जपानमधल्या मेडाका या लहानशा माशात नर ठरवणारं जनुक सापडलं. माशांमध्ये असं जनुक हाती लागण्याची ती पहिली वेळ. २०१२ साली रेनबो ट्राउटमध्ये एसडीवाय हे जनुक सापडलं. २०१५ साली नाईल तिलापियाच्या वाय गुणसूत्रावर एएमएचवाय हे जनुक नर ठरवतं हे सिद्ध झालं. त्याच जनुकाची एक्स गुणसूत्रावरची प्रत आणि वायवरची प्रत यांच्या लांबीत फरक आहे आणि पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्रात, तो फरक दिसतो. माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा पुरतो, मासा मारावा लागत नाही. डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर एक्स-एक्सला एक पट्टी येते, एक्स-वायला दोन, आणि वाय-वायला पुन्हा एक, पण वेगळ्या जागी. जे कळायला एक पिढी वाढवावी लागत होती ते दोन दिवसांत कळतं. चीनने पिवळ्या मांगूरवर्गीय माशात, जिथे नर मादीच्या दुप्पट-तिप्पट वाढतो, लिंगनिदर्शक मार्करच्या मदतीने वाय-वाय नर निवडून सगळं नर बीज तयार केलं आणि २०१० मध्ये ते वाण अधिकृत झालं.

हे सगळं लिहिताना मी कुठलीही जादूची कांडी मागत नाही. मला माहीत आहे की परदेशी शोधनिबंधातला प्राइमर (पीसीआरला लागणारा डीएनएचा छोटा तुकडा) मागवला, मशीनमध्ये घातला आणि काम झालं, असं होत नाही. तिलापियात लिंग ठरवणारा भाग सगळ्या वंशांत एकाच जागी नाही. नाईल तिलापियाच्या काही वंशांत तो पहिल्या लिंकेज गटावर (म्हणजे गुणसूत्रावर) आहे, काहींत तेविसाव्या. निळ्या तिलापियात तर व्यवस्थाच उलटी आहे, तिथे दोन वेगवेगळी गुणसूत्रं मादीत असतात, ती झेड-डब्ल्यू असते, आणि तो भाग तिसऱ्या गटावर आहे. आपल्याकडे जो मासा ‘गिफ्ट’ म्हणून विकला जातो त्यात कुठून काय मिसळलं आहे हे बघितल्याशिवाय मार्करवर विसंबता येणार नाही. शिवाय उष्णता. पिल्लं अगदी लहान असताना पाणी ३६ अंशांच्या आसपास राहिलं तर काही वंशांत एक्स-एक्स पिल्लंही नर होतात. फिलिपिन्समध्ये किंवा विजयवाड्याला मिळालेलं प्रमाण भुसावळच्या मे महिन्यात तसंच येईल असं गृहीत धरू नये. म्हणूनच ही पडताळणी इथे, आमच्या पाण्यात आणि आमच्या उन्हात व्हायला हवी. ती करायची कोणी? शेतकऱ्याने नक्कीच नाही.

साधनं नाहीत असं कृपया सांगू नका. मुंबईत १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. भुवनेश्वरला गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची केंद्रीय संस्था आहे, जिने निवड पद्धतीने जयंती रोहू घडवला. विजयवाड्याजवळ राजीव गांधी सेंटर फॉर अ‍ॅक्वाकल्चरचं गिफ्ट तिलापियाचं केंद्र आहे. आणि लांब कशाला, जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, तिथे जीवशास्त्र शिकणारी आमचीच मुलं आहेत. कोरोनाच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यात पीसीआरची यंत्रं आली, ती चालवणारे हात तयार झाले. पराच्या तुकड्यातला डीएनए तपासायला लागतं ते मुळात हेच तंत्र. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये २०,०५० कोटींची जाहीर झाली. आमच्या महिला गटाला त्यातूनच ६० टक्के अनुदान मिळालं, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण तळं खोदायला, प्लास्टिक अंथरायला आणि बायोफ्लॉकच्या (पाण्यातल्या जिवाणूंच्या मदतीने मासे वाढवण्याच्या) टाक्या उभ्या करायला पैसा मिळतो, आणि त्या टाकीत जे सोडायचं त्याच्या खरेपणावर खर्च करायची वेळ आली की हात आखडतो.

चौथी तक्रार तिलापिया न पाळणाऱ्यांच्या वतीने करते. रोहू-कटलाच्या प्रजनक माशांत, म्हणजे बीज मिळवण्यासाठी सांभाळलेल्या माशांत, नर-मादी ओळखता येतात ते पावसाळ्याच्या तोंडावर. तेव्हा नराचा छातीजवळचा पर खरखरीत लागतो आणि पोट दाबलं की पांढरं वीर्य येतं. मादीचा पर मऊ आणि पोट फुगलेलं. एरवी वर्षभर अंदाजच. १० जुलै १९५७ ला डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेरित प्रजनन (हॉर्मोनचं इंजेक्शन देऊन माशांची वीण घडवणं) यशस्वी केलं, तो दिवस आपण मत्स्यशेतकरी दिन म्हणून साजरा करतो. पण त्या प्रजननासाठी जे मासे वर्षभर सांभाळायचे त्यात नर किती आणि माद्या किती, हे हिवाळ्यात ठरवायचं साधन आजही साध्या हॅचरीच्या हाती नाही. याचे परिणाम दिसायला वेळ लागतो, म्हणून ते दुर्लक्षित राहतात. शंभर प्रजनक माशांत दहा नर आणि नव्वद माद्या असतील, तर अनुवंशशास्त्राच्या सूत्राप्रमाणे तो कळप शंभराचा राहत नाही, ३६ माशांच्या कळपाइतकाच धरावा लागतो. असं चार-सहा पिढ्या चाललं की जवळच्या नात्यातली वीण वाढते, पिल्लं मरतुकडी निघतात आणि शेतकरी म्हणतो, यंदा बीजात दम नव्हता. रोहूचा जनुकक्रम भारतीय शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला आहे. त्यातून प्रजनक कळपाला उपयोगी पडेल असा पडताळलेला लिंगमार्कर हॅचरीपर्यंत आणणं हे पुढचं काम आहे, आणि ते कोणीतरी वेळापत्रक ठरवून करायला हवं.

नद्यांबद्दल थोडंच लिहिते. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि १९५९ मध्ये त्याचा प्रसार थांबवायचं ठरलं. तोवर तो पसरला होता. आज तापी-गिरणेत जाळं टाकणाऱ्या भोई बांधवांना विचारा, चिलापी (तिलापियाचं इकडचं नाव) किती येते आणि गावरान मासा किती. अक्राणी-अक्कलकुव्याकडे सरदार सरोवराच्या फुगवट्यावर आदिवासी सहकारी संस्थांचं पोट आहे. पुरात शेततळी फुटतात, नाल्याने मासा नदीत जातो. सगळं नर बीज असेल तर निदान तळ्यातून सुटलेला मासा स्वतःची नवी वस्ती करणार नाही. नदीत आधीच असलेल्या चिलापीशी त्याचा संकर होऊ शकतो, हा धोका त्यानेही संपत नाही. पण ‘नर’ म्हणून परवानगी मिळालेल्या बीजात जर माद्याही निघत असतील, तर परवानगीची अटच पोकळ ठरते.

आता मागण्या. त्या नम्रपणे आणि सरळ मांडते.

पुढच्या हंगामापासून, म्हणजे जूनच्या आधी, मोनोसेक्स म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक लॉटला नर-मादी प्रमाणाचा दाखला सक्तीचा करा. त्यावर नमुन्याची संख्या, तपासणीची तारीख आणि सापडलेल्या माद्यांचा आकडा हवा, आणि नमुना तीनशेपेक्षा कमी नसावा. बीज हॉर्मोन दिलेलं आहे की वाय-वाय नरापासून जन्मलेलं, हेही त्यावर लिहिलेलं हवं, कारण दोन्हींची तपासणी वेगळी आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत प्रत्येकी एक ठिकाण ठरवा, कृषी विज्ञान केंद्र असो वा कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग, जिथे शेतकरी परवडणाऱ्या शुल्कात सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी करून घेऊ शकेल. याला नवी इमारत लागत नाही. दाखल्यापेक्षा जास्त माद्या निघाल्या तर पंचनामा कोणी करायचा आणि भरपाई कशी ठरवायची, याचा लेखी नियम करा. शेतीच्या बियाण्याला जो न्याय तोच इथे.

वर ज्या संस्थांची नावं घेतली त्यांच्यातल्या एका संस्थेवर, विद्यापीठाच्या सोबतीने, आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या गिफ्ट तिलापियात लिंगमार्कर कितपत लागू पडतो हे तपासण्याची जबाबदारी टाका. त्यासाठी मुदत ठरवा आणि निष्कर्ष मराठीत जाहीर करा. मार्कर लागू पडला, तर वाय-वाय प्रजनक कळप सरकारी केंद्रात उभा करा. तो कोणा एका खासगी कंपनीच्या ताब्यात जाऊ देऊ नका, कारण मग लहान हॅचरीवाल्याला बीजाची किंमत त्यांच्या मर्जीवर मोजावी लागेल आणि शेवटी ती आमच्याकडूनच वसूल होईल.

सरकारी मत्स्यबीज केंद्रांतल्या रोहू-कटलाच्या प्रजनक कळपात नर किती, माद्या किती आणि नवे मासे शेवटचे कधी आणले, ही माहिती दरवर्षी १० जुलैला जाहीर करा. त्या दिवशी सत्कार होतात, त्यांच्या जोडीला हा एक तक्ता लागला तर शेतकऱ्याला त्याचा उपयोग होईल.

या कामासाठी तळी लागली तर आमच्या गटाची तळी द्यायला आम्ही तयार आहोत. एका तळ्यात हॉर्मोनचं बीज, शेजारच्या तळ्यात वाय-वायचं, खाद्य आणि पाणी सारखं. वजनाच्या आणि तापमानाच्या नोंदी आमच्या बायका ठेवतील. गेल्या हंगामाची खाद्याची आणि विक्रीची वही, बीजाची पावती आणि जाळ्यात आलेल्या पिल्लांचे फोटो मागाल तेव्हा दाखवू. या पत्राला लेखी उत्तर द्यावं आणि बीज सोडण्याच्या हंगामाआधी तिन्ही जिल्ह्यांतल्या मत्स्यशेतकऱ्यांची एक बैठक पारोळा, अमळनेर किंवा धुळे यांपैकी कुठेही बोलवावी, ही विनंती.

आपली,
एक मत्स्यशेतकरी
ता. पारोळा, जि. जळगाव